मॅडम, सुई कुठली घेऊ?

मार्च उजाडला की माझ्याकडे येणारी पत्रं बदलतात. एरवी खाज, गजकर्ण, केस गळणं, आणि मे महिन्यात ती घामोळ्यांची ठरलेली रांग. पण लग्नाच्या तारखा निघाल्या की सगळ्यांना अचानक आरसा दिसायला लागतो! या वेळच्या गठ्ठ्यात निम्म्याहून जास्त प्रश्न सुरकुत्यांचे आणि त्यावरच्या इंजेक्शनांचे आहेत, म्हणून बाकीच्यांची माफी मागून हा अंक त्यांनाच देते. नावं कुणाचीच छापत नाही, गावं लहान आहेत.

प्रश्न : मॅडम, मी ४७ वर्षांची, मालवणजवळ आमचा होमस्टे आहे. १० मेला मुलाचं लग्न. बहिणीकडे डोंबिवलीला गेले होते तेव्हा ती मला तिथल्या एका क्लिनिकमध्ये घेऊन गेली. त्यांनी सांगितलं की भुवयांच्या मधल्या आणि डोळ्यांच्या कडेच्या रेघांना बोटॉक्स करा, ३५० रुपये युनिट, आणि नाकाच्या बाजूने ओठांपर्यंत ज्या घड्या पडल्यात तिथे दोन सिरिंज फिलर, २२ हजाराला एक. दोन्ही एकदम केलं तर पॅकेजमध्ये बसवतो म्हणाले. बहीण म्हणते फक्त बोटॉक्स कर, भाची म्हणते बोटॉक्स हे विष आहे, फिलर नॅचरल असतं, तेच कर. मिस्टर म्हणतात, आंब्याचे पैसे तोंडाक लावतलंस काय गो? मला दोघांतला फरकच नीट कळलेला नाही.

उत्तर : ताई, क्लिनिक जरा बाजूला ठेवा आणि आधी एक काम करा. सकाळच्या उजेडात खिडकीकडे तोंड करून आरसा धरा, बाथरूमच्या ट्यूबखाली नको. चेहरा एकदम सैल सोडा, म्हणजे पाहुणे जेवून झोपलेत आणि तुम्ही पडवीत एकट्याच बसल्यात तसा. एक फोटो काढा. मग कपाळाला आठ्या घाला, भुवया वर न्या, खळखळून हसा, त्या प्रत्येकाचा एकेक फोटो. आता शेजारी शेजारी ठेवून बघा. हसल्यावर, आठ्या घातल्यावर ज्या रेघा नव्याने उमटल्या त्या स्नायूच्या, त्या बोटॉक्सला ऐकतात. चेहरा सैल असतानाही ज्या तिथेच बसून होत्या त्या बोटॉक्सला थोडंफार ऐकतील, पुरतं ऐकणार नाहीत.

साडी मुठीत धरली की चुण्या पडतात, मूठ सोडली की जातात. पण तीच पैठणी चार वर्षं कपाटात एकाच घडीत राहिली तर उलगडल्यावरही घडीची खूण राहतेच ना. बोटॉक्स फक्त मूठ सोडवतं. स्नायूला आखडायला सांगणारी नस असते, ती तिच्या टोकाशी अॅसिटाइलकोलिन नावाचं रसायन सोडते आणि ते पोचलं की स्नायू आखडतो. बोटॉक्स त्या टोकाशी जाऊन ते रसायन बाहेर पडूच देत नाही. स्नायू मरत नाही, काही नाही, त्याला नुसता निरोप मिळत नाही. तीन-चार महिन्यांत नसेचं टोक पुन्हा कामाला लागतं आणि आठ्या परत. तीन ते पाच दिवसांत फरक दिसायला लागतो, पूर्ण असर यायला दोन आठवडे जातात.

नाकापासून ओठापर्यंतच्या तुमच्या घडीची गोष्ट वेगळी आहे. ती मुख्यतः स्नायूने ओढून पडलेली नाही. वयाप्रमाणे गालातली चरबी कमी होते, खाली सरकते, आतलं हाड सुद्धा थोडं झिजतं, आणि वरची कातडी मात्र पूर्वीच्याच मापाची राहते. उशीतला कापूस दबला की अभ्रा सैल पडतो तसं. तिथे बोटॉक्स मारून उपयोग नाही, उलट तोंडाजवळ चुकीच्या जागी पडलं तर हसू वाकडं होतं. तिथे भरावच लागतो, आणि फिलर म्हणजे भराव. हल्ली बहुतेक ठिकाणी वापरतात तो हायलुरॉनिक अॅसिडचा जेल. हे आपल्या कातडीत, सांध्यात, डोळ्यात मुळातच असतं आणि पाणी धरून ठेवतं. नुसतं टोचलं तर शरीर ते पटकन पचवून टाकेल म्हणून कारखान्यात त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडून घट्ट करतात. परिणाम टेबलावरून उठताच दिसतो, वर दोन-चार दिवसांची सूज, कधी काळंनिळं, आणि टिकतो साधारण सहा ते अठरा महिने, जागा कुठली आणि जेल किती घट्ट त्यावर. ओठ सारखे हलतात म्हणून तिथून लवकर जातो.

आता भाचीचं नॅचरल. ताई, या धंद्यात नावावर जाऊ नका. ज्याला ती विष म्हणते ते चुकलं तर बहुतेक वेळा पापणी जड होते, भुवई खाली येते, डोकं दुखतं, म्हणजे वैताग आहे पण काही आठवड्यांत आपोआप उतरतो. आणि ज्याला ती नॅचरल म्हणते ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर तिथला रक्तपुरवठा बंद, वरची कातडी काळी पडून सडू शकते, आणि तोच जेल डोळ्याच्या वाहिनीपर्यंत पोचला तर त्या डोळ्याची नजर जाऊ शकते. हे क्वचित होतं, घाबरवायला सांगत नाहीये, पण झालं तर मिनिटांचा खेळ असतो. नाक, आणि दोन भुवयांच्या मधली जागा, या दोन यात सगळ्यात धोक्याच्या. त्या मधल्या रेघांत कुणी फिलर भरूया म्हणालं तर मी तरी पर्स उचलून बाहेर पडेन.

म्हणून फिलर कुठला, कुठल्या कंपनीचा, हा माझ्या लेखी दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा विचारायचा : डॉक्टर, हायलुरॉनिडेज तुमच्याकडे आत्ता आहे का? दाखवता? हे एक एन्झाइम आहे जे हायलुरॉनिक अॅसिडचा जेल विरघळवतं. वाहिनीत गेला तरी हेच, आणि गाल नको तेवढा फुगला तरी हेच. ज्याच्या फ्रिजमध्ये ते नाही त्याने फिलरची सिरिंज हातात धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मागवून घेऊ, मेडिकलवाल्याला सांगून ठेवलंय, असलं उत्तर चालत नाही. आणि हे एन्झाइम फक्त हायलुरॉनिक अॅसिडवर चालतं, कॅल्शियमवाल्या किंवा इतर फिलरवर नाही. म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्याने जे विरघळतं तेच घ्यावं. पर्मनंट फिलर कुणी देऊ केलं तर नाहीच. चेहरा पुढे बदलत जातो, आतला गोळा मात्र तिथेच बसून राहतो.

पैशाचं म्हणाल तर बोटॉक्स युनिटवर मोजतात. कंपनीच्या लेबलवर भुवयांच्या मधे २० युनिट आहेत, पाच टोचण्यांत, आणि डोळ्यांच्या कडेला दोन्ही बाजू मिळून २४. झाले ४४. साडेतीनशेने १५,४०० रुपये. वर्षातून तीनदा केलं तर ४६,२००. मिस्टरांना हा आकडा आधीच सांगून टाका, नंतर नको. आणि युनिट म्हणजे सगळीकडे एकच माप नाही हं. डिस्पोर्ट नावाचं दुसरं औषध येतं, त्याच मधल्या रेघांना त्याची ५० युनिट लागतात, म्हणून तिथे युनिटचा भाव कमी दिसला तरी ते स्वस्त असेलच असं नाही. बाटलीवरचं नाव विचारा आणि एकूण बिल विचारा. फिलरची सिरिंज साधारण १ मिलीची. घरातल्या पाच मिलीच्या चमच्याचा पाचवा भाग. तुमच्या दोन सिरिंजचे ४४ हजार म्हणजे एवढंसं काहीतरी, त्याने चेहरा विशीतला होणार नाही, घडी थोडी उथळ होईल.

बाटली तुमच्या समोर उघडायला सांगा. हे लाजायचं काम नाही, आपण मासळी घेताना कल्ले उघडून बघतोच की. आत तळाशी पावडरीचा पातळसा थर असतो, दिसेल न दिसेल असा, त्यात सलाइन घालून मिसळतात. २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं, आणि मिसळल्यावर २४ तासांत वापरावं असं लेबल सांगतं. आपल्याकडे जून-जुलैत लाइट चार-चार तास जाते तेव्हा इन्व्हर्टरवर फ्रिज असतो का, हे विचारायचं मलाही कधी सुचलं नव्हतं, एका पेशंटने मलाच विचारलं आणि मग मी दुसऱ्या दिवशी फ्रिजचं कनेक्शन बदलून घेतलं. बॅच नंबर आणि एक्स्पायरीचा फोटो काढून ठेवा. नकली माल ही कल्पना नाही, २०२४ साली अमेरिकेत नकली बोटॉक्सने लोक आजारी पडले आणि तिथल्या एफडीएला, म्हणजे औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, जाहीर इशारा द्यावा लागला.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असते तर लग्नासाठी फक्त बोटॉक्स केलं असतं, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणजे असर यायला दोन आठवडे मिळतात, एखादी भुवई वर-खाली झाली तर ठीक करायला वेळ उरतो, आणि लग्नाच्या दिवशी चेहरा तुम्हाला स्वतःला ओळखीचा वाटतो. फिलर या वेळी नको. पहिल्यांदा करताना सूज किती येईल सांगता येत नाही, विहिणीसमोर फुगलेला गाल घेऊन उभं राहण्यात काय मजा. पाऊस सरल्यावर, होमस्टे रिकामा असताना, तेव्हाही घडी डोळ्यात खुपत असेल तर बघा. दातांचं काही काम काढलं असेल तर फिलरच्या आधी-नंतर दोन आठवडे ते करू नका, तोंडातले जंतू रक्तात फिरतात आणि फिलरच्या जागी जाऊन बसू शकतात.

बोटॉक्स झाल्यावर चार तास आडवं पडायचं नाही, चोळायचं नाही. म्हणजे संध्याकाळी इंजेक्शन आणि तासाभरात कोकणकन्याच्या बर्थवर आडवं, असं प्लॅनिंग नको. सकाळी घ्या. दोन आठवडे फेशियल मसाज नाही. आणि तुम्ही मालवणच्या म्हणून खास : पाहुण्यांबरोबर तारकर्लीला स्कुबाला उतरत असाल तर तो मास्क नेमका कपाळावर आणि डोळ्यांच्या कडेला दाबून बसतो. मी माझ्या पेशंटना आठवडाभर मास्क नको म्हणून सांगते. हळद मात्र लावा खुशाल, महिन्याभरात टोचण्या केव्हाच बुजलेल्या असतात.

मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही, बागेत तुम्हीही राबता.

प्रश्न : माझ्या सुनेने कपाळाला बोटॉक्स घेतलं. हे खरोखर विष आहे का? तिला अजून एक मूल हवंय. (गुहागर)

उत्तर : काकू, खरोखर आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचं. लॅटिनमध्ये बोट्युलस म्हणजे सॉसेज, कारण जर्मनीत खराब सॉसेज खाऊन लोक लुळे पडून मरत आणि १८२०च्या सुमारास युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने त्याचा नीट अभ्यास केला. गंमत म्हणजे त्यालाच तेव्हा वाटलं होतं की याचा औषध म्हणून उपयोग होईल. तो व्हायला दीडशे वर्षं गेली. तिरळ्या डोळ्यांसाठी अॅलन स्कॉट या अमेरिकन डॉक्टरने वापर सुरू केला, १९८९ साली तिथे मान्यता मिळाली. कॅनडात जीन कॅरुथर्स या डोळ्यांच्या डॉक्टर पापण्या फडफडणाऱ्या पेशंटना हेच इंजेक्शन द्यायच्या, तर एक बाई म्हणाली, इथे भुवयांच्या मधे दिलंत की माझ्या आठ्या जातात, चेहरा शांत दिसतो. नवरा अॅलिस्टर कातडीचा डॉक्टर, म्हणजे घरातच दुकान जमलं. सुरकुत्यांसाठी अमेरिकेत मान्यता आली २००२ साली. म्हणजे सगळं डोळ्याच्या दवाखान्यातून आलंय, ब्युटी पार्लरमधून नाही.

मात्रा अगदी सूक्ष्म असते म्हणून चालतं. तरीही बाटलीच्या कागदावर चौकटीत ठळक इशारा असतो की औषध पसरलं तर गिळायला, श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो. तसं झालं तर थेट हॉस्पिटल. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल त्यांनी घेऊच नये. राहिलं मूल. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना आम्ही देत नाही. चेहऱ्याला काय दिसतं त्यापेक्षा नऊ महिने थांबणं बरं, एवढंच. आत्ता घेऊन झालंय तर घाबरू नका, तिला पुढच्या वेळी डॉक्टरला आधी सांगायला सांगा की आमचा विचार चाललाय. आणि काकू, हे तिने तुम्हाला सांगितलं की तुम्ही बिल बघितलंत?

प्रश्न : मी २३ वर्षांची आहे, चिपळूणला जॉब करते. आमच्या पार्लरवाल्या ताई ओठ मोठे करून देतात ४ हजारात, सुई नसलेल्या पेनने, हायलुरॉन पेन म्हणतात त्याला. सुई नाही म्हणजे रिस्क पण नाही असं त्या म्हणतात. करू का?

उत्तर : नको.

एवढंच लिहून थांबणार होते, पण तुझ्या ताई भल्या असतील, त्यांना कुणीतरी दोन दिवसांच्या क्लासमध्ये हेच शिकवलं असेल, म्हणून कारण सांगते. त्या पेनमध्ये सुई नसते पण दाब असतो. दाबाने जेल कातडीतून आत घुसवतात, तो किती खोल गेला, कुठे गेला, यावर हाताचा काहीच ताबा नाही. ओठाच्या कडेने रक्तवाहिनी जाते, जेल तिच्यात गेला तर सुई होती की नव्हती हे तिला काय कळणार? अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर २०२१ मध्ये या पेनांविरुद्ध लोकांना स्पष्ट इशारा दिला आहे, कातडीला, ओठांना, डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते म्हणून. आणि त्यात भरलेला जेल कुठून आला? ऑनलाइन. त्या डबीवर काय लिहिलंय ते ताईंना तरी वाचता येतं का विचार.

आता समज तिथे काही झालं. वाहिनी बंद झाली की जागा आधी पांढरी पडते, मग जाळीसारखी जांभळट नक्षी उमटते, दुखतं, आणि कधी कधी भूल असल्यामुळे दुखतही नाही. एखादी मुलगी म्हणेल काळंनिळं झालंय, बर्फ लावते. बर्फ नाही लावायचा, त्या क्षणी हायलुरॉनिडेज लागतं, तेही भरपूर. पार्लरमध्ये ते नाही. मग डॉक्टर शोधा, तिथे नसेल तर कुंभार्ली घाट चढून कराड, आणि वाटेत ट्रक बंद पडलेला असला तर झालंच. नजरेवर आलं असेल तर जे काही करायचं ते तास-दीड तासात. घाटात तेवढा वेळ तर एका वळणावर जातो.

ओठ मोठे हवेच असतील तर तेवीस म्हणजे तू सज्ञान आहेस, मी कोण अडवणार. कातडीच्या किंवा प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरकडे जा, अर्धी सिरिंज पुरे म्हण, आणि तोंडाला ‘जर’ येत असेल, म्हणजे ते पाण्याने भरलेले फोड, तर आधी सांग, गोळ्या देऊन मगच करतात. नाहीतर सुईनंतर ते फोड उसळून येतात. पैसे चार हजारांपेक्षा बरेच जास्त लागतील. साठव.

प्रश्न : वय ५६, हर्णै बंदर, आमचे दोन ट्रॉलर आहेत. कपाळावर आडव्या आठ्या एवढ्या खोल की मुलगी म्हणते बाबा सारखे टेन्शनमध्ये दिसतात. तिच्या ओळखीचे डॉक्टर म्हणतात कपाळाला बोटॉक्स मारू, दहा मिनिटांचं काम. पुरुषांनी घ्यावं का?

उत्तर : दादा, घ्यावं का हा प्रश्न नाही, पुष्कळ घेतात, आणि पुरुषांचे स्नायू जाड म्हणून युनिटही जास्त लागतात. पण तुमच्या कपाळाबद्दल मला शंका आहे. एक करून बघा. आरशासमोर डोळे मिटा, कपाळ सैल सोडा, बोटांनी भुवया आहेत तिथेच हलक्या दाबून धरा आणि मग डोळे उघडा. वरची पापणी बुबुळावर उतरल्यासारखी दिसते का? उघडायला जड जातं का? तसं असेल तर तुमचं कपाळ सुरकुतलंय ते टेन्शनने नाही, ते दिवसभर पापण्या उचलून धरतंय म्हणून. वयाबरोबर पापणी सैल पडते आणि माणूस नकळत भुवया वर ताणून बघायला लागतो. अशा कपाळाला बोटॉक्स दिलं की आठ्या जातात खऱ्या, पण त्याबरोबर भुवयाही खाली येतात आणि पुढचे तीन महिने तुम्ही शटर अर्धं ओढलेल्या दुकानासारखे फिरता. ट्रॉलरवर उभं राहून लांब बघणाऱ्या माणसाला ते परवडणारं नाही. आधी डोळ्यांच्या डॉक्टरला पापण्या दाखवा.

माझीच गोष्ट सांगते, हसू नका. काही वर्षांपूर्वी एका ट्रेनिंगमध्ये डेमोला माणूस हवा होता, मी बसले. शिकवणाऱ्याने कपाळाच्या मधे व्यवस्थित दिलं आणि कडा सोडल्या. दहा दिवसांनी माझ्या डाव्या भुवईचं टोक असं काही वर चढलं की काय सांगू. कारण साधं आहे, मधला स्नायू झोपला आणि कडेचा एकटाच जोर लावत राहिला. त्यात गणपती आले. आरतीला उभी राहिले तर शेजारची आजी म्हणते, गो बाय, कित्याक रागान बघतंस? नंतर कडेला दोन युनिट दिल्यावर भुवई जागेवर आली. दहा मिनिटांचं काम आहे हे खरं, पण ती दहा मिनिटं कुणाच्या हातातली यावर सगळं आहे.

तुमच्या डोळ्यांच्या कडेच्या रेघांबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, पण असणारच. पाण्यावरून येणारा उजेड डोळे बारीक करायला लावतो. एक बरा यूव्ही गॉगल आणि मोठ्या काठाची टोपी हे बोटॉक्सपेक्षा स्वस्त पडतं, आणि ते न घालता बोटॉक्स घेणं म्हणजे होडीला भोक तसंच ठेवून पाणी उपसणं. हृदयासाठी अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर डॉक्टरला सांगा, काळंनिळं जास्त होतं, पण आपल्या मनाने गोळी बंद करू नका. आठ्यांपायी हार्ट अटॅक घेऊन बसाल.

प्रश्न : वडील एसटीत ड्रायव्हर होते, ३० वर्षं. त्यांच्या उजव्या गालावर डाव्यापेक्षा खूपच जास्त सुरकुत्या आहेत. अर्धांगाचा काही प्रकार आहे का? त्यांना फिलर चालेल का? (लांजा)

उत्तर : अचानक झालं असतं, तोंड वाकडं, पाणी पिताना ओघळतंय, एक डोळा मिटत नाही, तर मी म्हटलं असतं पत्र टाकून आत्ता हॉस्पिटलला पळा. पण तुम्ही लिहिलंय की वर्षानुवर्षं असंच आहे, तोंड सरळ आहे. मग हे खिडकीचं ऊन आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये एका ट्रक ड्रायव्हरचा फोटो आला होता, २८ वर्षं ट्रक चालवलेला माणूस, त्याचा डावा गाल असाच लोंबलेला आणि घड्या पडलेला, उजवा बराच तरुण. त्यांच्याकडे स्टिअरिंग डावीकडे म्हणून डावा, आपल्याकडे उजवा. उन्हातले यूव्हीए किरण काचेतूनही येतात आणि कातडीतलं कोलॅजन, म्हणजे तिला ताठ धरणारे तंतू, मोडतात, आणि एसटीची खिडकी तर बारा महिने उघडीच. कातळावरच्या उन्हातून लांजा-रत्नागिरी फेऱ्या मारून मारून तो गाल तसा झालाय.

या वयात फिलर-बोटॉक्स दोन्ही नको म्हणेन. बाहेर पडताना एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, दोन बोटांवर लांब रेघ काढून तेवढं चेहऱ्याला आणि मानेला, चिमूटभर नाही. रात्री ट्रेटिनॉइन क्रीम, वाटाण्याएवढं, आठवड्यातून दोनदा सुरू करून हळूहळू वाढवायचं. डॉक्टरला विचारून, कारण सुरुवातीला चेहरा सोलतो, लाल होतो आणि लोक घाबरून सोडून देतात. महिनोन् महिने लागतात पण कातडी सुधारते. त्या गालावर एखादी न भरणारी जखम, खपली धरून परत परत फुटणारी, किंवा रंग-आकार बदलणारा डाग असेल तर मात्र सुरकुत्या राहू द्या, तो आधी दाखवा.

प्रश्न : पार्लरमध्ये हेअर बोटॉक्स केलंय. आता चेहऱ्याचं बोटॉक्स करायला किती दिवसांचं अंतर ठेवू? (सावंतवाडी)

उत्तर : अंतराची गरजच नाही, कारण त्यात बोटॉक्स नसतंच. केस मेलेला असतो, त्याला ना स्नायू ना नस, बोटॉक्स करणार काय तिथे? ते केसांचं कंडिशनिंग आहे, नाव तेवढं उसनं घेतलेलं. तसंच बोटॉक्स क्रीम, बोटॉक्स सीरम वगैरे. त्यात बोटॉक्स नसतं, आणि असतं तरी त्याचा रेणू एवढा मोठा की नुसतं चोळून कातडीच्या आत जात नाही. डोक्याला लावलेल्या त्या मालात फॉर्मॅल्डिहाइड किंवा ग्लायॉक्सिलिक अॅसिड होतं का ते मात्र पार्लरमध्ये जाऊन डबीवर बघा. डोळे चुरचुरले होते का करताना? ग्लायॉक्सिलिक अॅसिडच्या स्ट्रेटनिंगनंतर किडनीला त्रास झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. उलट्या, पाठीत-कमरेत दुखणं, लघवी कमी, यातलं काही झालं होतं का तेही कळवा, आणि झालं असेल तर मला कळवायच्या आधी क्रिअॅटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घ्या.